पुऱ्यांच्या वेळची निवडणूक

ऑक्टोबर लागला की आमच्या बॉथेल गावात घरोघरच्या हिरवळीवर पाट्या उगवतात. मेपलची पानं अजून पुरती गळलेली नसतात, खाली लाल-पिवळा चिखल झालेला असतो, आणि त्या चिखलात तारेच्या दोन पायांवर उभे राहून राज्याचे भावी गव्हर्नर दात दाखवत असतात. पाऊस त्यांना भिजवतो, वारा त्यांच्या माना वाकवतो, पुठ्ठा कानाकडून सोलवटायला लागतो. हसू मात्र तसूभर कमी होत नाही. मला या हसण्याचा मनस्वी कंटाळा आहे. तरी दर निवडणुकीला मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राहतो आणि कोणाच्या दारात कोण उगवलंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

परवा बेल वाजली. दारात शेजारच्या देशपांड्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, हातात क्लिपबोर्ड. ती राज्याच्या विधिमंडळासाठी उभी आहे. चहा नको, पाणी नको, कोणाच्या गुडघ्यांची चौकशी नाही. सरळ म्हणाली, "काका, कॅन आय काउंट ऑन युअर व्होट?"

निवडणुका या विषयात डॉक्टरेट मिळवलेला, कानाशी पांढरा झालेला मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बघू."

तिने पेन उचललं आणि हे हो समजायचं की नाही, ते इंग्रजीत विचारलं. मी म्हणालो, हो हो, म्हणजे, बघूच आपण. तिने कागदावर कसलीशी खूण केली, गोड हसली आणि पुढच्या घराकडे निघाली. मी दार लावलं आणि स्वतःवरच असा वैतागलो की चहा निवून गेला. त्या वैतागातच कुठून तरी तापलेल्या तेलाचा वास आला, तळघरातल्या फरशीच्या पॉलिशचा वास आला, आणि सुलभाकाकू आठवल्या.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. इलिनॉयमध्ये मक्याच्या शेतांच्या मधोमध एक विद्यापीठ आहे. क्षितिज पट्टीने आखल्यासारखं. शरदात मका कापायची यंत्रं दिवसभर घरघरत आणि संध्याकाळी सगळ्या गावावर भुशाची सोनेरी धूळ तरंगत राही. कपड्यांत, केसांत, चहात, सगळीकडे ती. तिथे मी नागपूरहून राज्यशास्त्र शिकायला गेलो होतो. त्या काळात तिथला प्रत्येक मराठी मुलगा इंजिनिअर होता. पहिल्या भेटीत प्रत्येक काका विचारायचे, काय करतोस? राज्यशास्त्र, मी सांगायचो. ते समजूतदारपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, ते झालं रे, पण इंजिनिअरिंग कुठलं?

माझ्या गाईडने मला विषय दिला होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गव्हर्नर-निवडणुकांचा. हे ऐकून तर काकामंडळींना माझी काळजीच वाटायला लागली. राज्यपाल निवडून कुठे येतो, त्याला दिल्लीहून पाठवतात, असं ते मला इलिनॉयच्या भूमीवर उभं राहून समजावून सांगत. मी म्हणायचो, अहो, इथे येतो निवडून, इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा, तुमच्या कोपऱ्यावरच त्याची पाटी लागलीय. असं होय, ते म्हणायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्या शरदात राज्यात खरोखरच गव्हर्नरची निवडणूक चालू होती, टीव्हीवर उमेदवार रोज एकमेकांची सालटी काढत होते, आणि आमच्याकडे राज्यपाल दिल्लीहूनच येत होता.

दिवसभर मी ग्रंथालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रात डोकं घालून बसायचो. काचेवरून जुनी वर्तमानपत्रं करड्या नदीसारखी वाहत आणि मला गाडी लागल्यासारखं मळमळे. पण काय एकेक माणसं वाहत येत. कडक कॉलरची, झुपकेदार मिशांची, आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या सज्जात उभं राहून भाषण ठोकणारी. गाडी पाणी घ्यायला थांबली की गावचा बँड वाजे, उमेदवार टोपी काढून बोलायला लागे, आणि तो मुद्द्यावर येतोय तोच शिट्टी होऊन गाडी हले. मुद्दा धुरात जाई. लोक तरीही टाळ्या वाजवत.

त्याच्या थोडं आधीची तऱ्हा तर आणखी मजेची. तेव्हा उमेदवाराने स्वतः पद मागणं असभ्य समजलं जाई. तो आपल्या ओसरीवर पाय पसरून बसे आणि म्हणे, मला कसलीच हाव नाही, लोकांनी फारच आग्रह केला तर विचार करू. तिकडे हॉटेलच्या खोलीत सिगारच्या धुरात पक्षाचे चार मातब्बर त्याचं भवितव्य ठरवत. एका अधिवेशनात अशी कोंडी झाली की प्रतिनिधी पुन्हापुन्हा मतं देऊन थकले, घरी गेले, परत आले, तरी उमेदवार ठरेना. मग कायदा आला की उमेदवारसुद्धा लोकांनीच मतं देऊन निवडायचा. ओसरीवरच्या त्या सगळ्या सभ्य गृहस्थांना बूट चिखलात घालून शेतकऱ्याच्या दारात जावं लागलं आणि तोंडाने म्हणावं लागलं, मला मत द्या. केवढी शरम वाटली असेल बिचाऱ्यांना. मी वाचायचो आणि वाटायचं, हे आपण कुठेतरी बघितलंय.

बघितलं होतंच. आमच्या मराठी मंडळात.

मंडळाचा अध्यक्ष दिवाळीच्या कार्यक्रमात ठरे. चर्चचं तळघर भाड्याने घेतलेलं, नाटक नुकतंच संपलेलं, मुलं खुर्च्यांखालून पळत असलेली. जेवणाआधी सर्वसाधारण सभा. अध्यक्ष होते डॉक्टरकाका. व्यवसाय भूल देण्याचा, आणि भाषणातही तो हात गेलेला नव्हता. ते उठून म्हणत, मी आता थकलो, यंदा नव्या माणसाला संधी द्या. मग सुलभाकाकूंचे यजमान भाऊकाका उठत आणि म्हणत, छे छे, तुमच्याशिवाय मंडळ चालायचं कसं. डॉक्टर म्हणत, नको हो. भाऊकाका म्हणत, असं कसं. शेवटचं नको डॉक्टर खुर्चीत बसता बसताच म्हणत. टाळ्या. जेवण. मतदान कधी झालेलं कोणाला आठवत नव्हतं, पण झालंच तर घरटी एक मत असा नियम होता. घराचं मत म्हणजे घरातल्या पुरुषाचा हात, हे कुठे लिहिलेलं नसूनही सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि हे चालू असताना बायका असत स्वयंपाकघरात. सभा संपली की लगेच पानं मांडायची, पुऱ्या गरम हव्यात. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वाढपाची खिडकी होती, तिला वरून खाली ओढायचं शटर. तळणीच्या आवाजाचा सभेला त्रास होतो म्हणून सभा सुरू होताना कोणीतरी ते न चुकता ओढून घ्यायचं.

सुलभाकाकू अमरावतीच्या. उंच, खणखणीत आवाजाच्या, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या. शनिवारी त्यांच्याकडे आम्हा विद्यार्थ्यांना जेवायला मुभा होती. अशाच एका शनिवारी मी ग्रंथालयात सापडलेली गंमत सांगत होतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला इलिनॉयच्या बायकांना देशाच्या अध्यक्षासाठी मत देता येई, पण राज्याच्या गव्हर्नरसाठी नाही. कारण गव्हर्नरचं पद राज्याच्या घटनेत होतं आणि त्या घटनेतला मतदार पुरुष होता. म्हणून बायकांची मतपत्रिका वेगळी छापत, पेटीही वेगळी ठेवत. मी हे हातवारे करून, दोन्ही पेट्यांचा अभिनय करून सांगितलं. भाऊकाका पोटभर हसले. काकू तव्यापाशी उभ्या होत्या. त्यांचं थालीपीठ करपायला लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांनी विचारलं, ती वेगळी पेटी कुठे ठेवत, दुसऱ्या खोलीत का? मी म्हटलं, नाही, त्याच खोलीत.

"म्हणजे खोलीत तरी होत्या," काकू म्हणाल्या. मग गॅस बारीक करून वळल्या. "इतकी वर्षं मी पुऱ्या तळतेय आणि पलीकडच्या टाळ्या ऐकतेय. अध्यक्ष कोण झालं ते मला वाढायला बाहेर आल्यावर कळतं. यंदा मी उभी राहणार आहे."

त्यांची मुलगी मीनल, हायस्कुलातली, टेबलाच्या टोकाला बसून थालीपिठावर केचप ओतत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कूल, मॉम. सो हू इज व्होटिंग फॉर यू?"

सगळ्यांनी भाऊकाकांकडे बघितलं. भाऊकाकांनी अगदी मनापासून उत्तेजन दिलं. राहा की, अवश्य राहा, म्हणाले. फक्त डॉक्टरांचं नाव दरवर्षी तेच सुचवतात, यंदा नाही सुचवलं तर वाईट दिसेल. मग घराचं मत कोणाला, असं काकूंनी विचारल्यावर त्यांनी आणखी एक थालीपीठ मागितलं.

मला काय आनंद झाला सांगू. इतके दिवस मी निवडणुका काचेवरून वाहताना बघत होतो, आता एक हाडामांसाची निवडणूक हाती आली होती. मी स्वतःला प्रचारप्रमुख नेमलं. आमची बरीच मराठी घरं आसपासच्या छोट्या गावांतून विखुरलेली होती, एकेका इस्पितळाभोवती एखादं. माझ्या खटारा गाडीत काकू चिवड्याचे डबे मांडीवर घेऊन बसत आणि आम्ही कापलेल्या मक्यातून निघत असू. मी वाटेत त्यांची तयारी करून घेई. काकू, आत गेल्याबरोबर सांगायचं, मी अध्यक्षपदाला उभी आहे, मला मत द्या. त्या म्हणत, हो. आत गेल्यावर चिवड्याचा डबा पुढे होई. मग कांदा तळून घालावा की वाळवून, यावर चर्चा. मुलांच्या परीक्षा. भारतात कोण गेलं, कोण आलं. मी शेजारी बसून डोळे मोठे करी, खाकरी, एकदा तर चिवड्याचा ठसका लागल्याचं सोंगही केलं. मत हा शब्द काही त्या बाईच्या तोंडून निघेना. बाहेर आल्यावर मी चिडलो की म्हणत, "असं कसं रे मागायचं? त्यांना काय वाटेल?"

एका घरी तर समजूत झाली की काकू मीनलच्या नृत्याच्या कार्यक्रमाचं आमंत्रण करायला आल्यात. त्यांनी नक्की येऊ म्हणून सांगितलं. कार्यक्रम कुठला नव्हताच.

मग माझ्या लक्षात आलं की आपली माणसं खरं बोलतात ती निघताना. दारात, मग अंगणात, मग गाडीपाशी, मग काच खाली करून. काकूंचंही तसंच होतं. मी इंजिन चालू करी, यजमानीण गारठ्यात शाल लपेटून खिडकीशी ओणवी होई, आणि तेव्हा कुठे काकू म्हणत, अगं, एक सांगायचं राहिलंच. झालं. त्या मुद्द्यावर येत आणि मी क्लचवरून पाय हळूहळू काढी. गाडी सरकायला लागल्यावरच काकूंना धीर येई. अर्धं वाक्य खिडकीतून, उरलेलं ड्राइव्हवेच्या टोकाला मान मागे वळवून. मिशावाल्या उमेदवारांचीच गत, फक्त बँड नव्हता.

आणि उत्तरं? यजमानीण गाडीबरोबर दोन पावलं चालत ओरडून म्हणे, अय्या, तुम्हीच व्हायला पाहिजे. दारातून यजमान म्हणे, नक्की, नक्की. पुढच्या आठवड्यात कळे की तोच गृहस्थ डॉक्टरांनाही नक्की म्हणालाय. मी असा वैतागायचो. ग्रंथालयातल्या वर्तमानपत्रात मका पिकवणारा शेतकरी दारात आलेल्या उमेदवाराला तोंडावर सांगायचा की मी तुला मत देणार नाही, आणि मग त्याला सफरचंदाचा रस पाजायचा. आपल्याकडे नाही म्हणायला जीव जातो, म्हणून हो ची किंमत उरलेली नाही. हो, नक्की, बघू, अवश्य, हे सगळे शब्द आपण एकाच डब्यात घालून ठेवलेत आणि हाताला येईल तो काढून देतो. आता वाटतं, परवा देशपांड्यांच्या मुलीने कागदावर जी खूण केली ती कुठल्या रकान्यात केली असेल? मीच सांगू शकत नाही, तिला काय कळणार.

दिवाळीचा दिवस उजाडला. बाहेर बोचरी थंडी, आत पैठण्या आणि त्यांवर पिसं भरलेली जॅकेटं. नाटक झालं. खुर्च्या वळवून सभा मांडली गेली. शटर खाली आलं. काकूंचं नाव सुचवणार म्हणून ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं, त्या सगळ्या बायका होत्या, आणि मी हॉलभर नजर फिरवली तर त्यांतली एकही तिथे नव्हती. उमेदवारही नव्हती.

मी स्वयंपाकघरात धावलो. उमेदवार कढईपाशी उभी. मला बघून म्हणाल्या, एवढा घाणा काढते आणि येते. माझा तोल गेला. मी तिथेच, पिठाच्या परातीशेजारी, छोटं भाषण केलं की इतकी वर्तमानपत्रं वाचली, पण आपल्याच निवडणुकीच्या वेळी पुऱ्या तळत बसलेला एकही उमेदवार मला आजवर सापडला नाही. बायका ओशाळल्या. एक म्हणाली, द्या झारा, मी बघते. काकू म्हणाल्या, नको, तुझी नवी साडी आहे. दुसरी म्हणाली, मी घेते. पहिली म्हणाली, छे, तुम्ही नको, तुमचा हात दुखतोय. तो झारा या हातातून त्या हातात फिरायला लागला आणि मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पलीकडे डॉक्टरांचा आवाज सुरू झाला होता.

शेवटी काकूंनी झारा परातीत ठेवला आणि गॅस बंद केला. कढई चुरचुरत शांत झाली. तळणच थांबल्यावर तिथे कोणाला कामच उरलं नाही, म्हणून सगळ्याच त्यांच्यामागून बाहेर आल्या.

आम्ही दारात पोचलो तेव्हा डॉक्टर नेमके म्हणत होते, मी आता थकलो. भाऊकाका खुर्चीतून अर्धवट उठले होते. काकू कोपरापर्यंत पीठ लागलेले हात तसेच घेऊन सरळ पुढे गेल्या.

"खरंच थकलात हो डॉक्टर," त्या म्हणाल्या. "दरवर्षी सांगताय आणि कोणी तुमचं ऐकतच नाही. बसा तुम्ही आता. मी होते अध्यक्ष."

 मी थकलेलो नाही असं म्हणायची डॉक्टरांना सोय राहिली नव्हती. सगळ्या माना भाऊकाकांकडे वळल्या. ते गुडघ्यात वाकलेले, धड उभे नाहीत, धड बसलेले नाहीत. सवयीने त्यांच्या तोंडून छे छे निघालं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य गिळून ते खाली बसले. मागे बायकांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. डॉक्टरांनीही. संपलं.

मी खरं तर नाचायला हवं होतं, पण मी संतापलो होतो. एवढं पेट्रोल जाळलं, एवढा चिवडा वाटला, आणि मतदान नाहीच. पुन्हा सर्वानुमते. आपल्या लोकांच्या हातात क्रांती दिली तरी ते ती जेवणाआधी टाळ्यांत उरकतील. पुऱ्या कमी पडल्या म्हणून काही मंडळींनी नाकं मुरडली, तेव्हा नव्या अध्यक्षांनी त्यांनाच आत तळायला पाठवलं. तेवढा एक क्षण मी चवीने बघितला.

सगळं आवरून झाल्यावर काकू कढई घासत होत्या.  त्या कढईकडे बघतच म्हणाल्या, "श्रीधर, मतदान झालं असतं तर मला मतं पडली असती का रे?"

मी म्हणालो, "नक्की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो शब्द माझ्या तोंडून निघाला होता, आणि तो कसा वाजतो ते मलाही ऐकू आलं.

वर्षभर त्यांनी मंडळ झकास चालवलं. पण त्यांचं खरं काम एकच, नियम बदलण्याचं. सभा जेवणानंतर, माणशी एक मत, चिठ्ठीवर, पेटीत. पुढच्या दिवाळीला त्या उभ्या राहिल्या, आणि डॉक्टरही. डॉक्टरांना मला अध्यक्ष व्हायचंय हे वाक्य उभं राहून म्हणावं लागलं, ते त्यांनी बुटांच्या टोकांकडे बघत म्हटलं. विद्यार्थ्यांना मत नव्हतं, म्हणून मोजणी माझ्याकडे. बुटांच्या खोक्याला फट पाडून मी पेटी केली होती.

काकू हरल्या. फार थोडक्यात, पण हरल्या. म्हणजे ज्यांच्यासाठी पेटी आणली त्या बायकांपैकीही काहींनी डॉक्टरांनाच मत दिलेलं होतं. तुम्ही कोणाला दिलंत, असं मी भाऊकाकांना विचारलं तर त्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने मला सांगितलं की मतदान गुप्त असतं. मी हतबल होऊन चिठ्ठ्या गोळा करत होतो. बाकीची मंडळी कॉफीच्या रांगेत लागली होती.

काकू खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. परत मोज, म्हणाल्या. मी विचारलं, शंका आहे का?

"शंका नाही रे. माझ्या नावाच्या तेवढ्या वाच. हळू वाच."

मी वाचत गेलो. सुलभा. सौ. सुलभाताई. काकू. एकावर घाईत काढलेलं वेडंवाकडं इंग्रजी नाव. एकावर आडनावासकट, उपाधीसकट, सुवाच्य. एकावर नुसतं, आमच्या काकू. प्रत्येक चिठ्ठीला त्या मान हलवत आणि कॉफीच्या रांगेकडे बघत अक्षर कोणाचं असेल ते ताडत राहिल्या. शेवटची चिठ्ठी मी खाली ठेवली.

"एवढे माझ्या बाजूने होते बघ," त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून डॉक्टरांचं अभिनंदन करायला उठल्या.